डोंगरउतारावरील शेतकऱ्याचें घर

बियाणें घेतांना आमचा शेतकरी दहा ठिकाणीं चौकशी करतो. बैल घ्यावयाचा तर त्याचे दांत, खूर व चाल पाहिल्यावांचून पैसे मोजीत नाहीं. परंतु ज्या घरांत त्याच्या दोन-तीन पिढ्या राहावयाच्या, तें घर मात्र तो पुष्कळदां गवंड्याच्या हातीं सोंपवून मोकळा होतो. शेजाऱ्याचें जसें झालें तसें आपलें व्हावें, एवढीच त्याची मागणी असते. सपाटीच्या गांवीं हें एक वेळ निभावून जाईल. डोंगराच्या कुशींत तें निभावत नाहीं. ठाणें जिल्ह्यांतील मुरबाड, शहापूर व अंबरनाथ हे तालुके आणि कल्याण-डोंबिवलीच्या पाठीमागील मलंगगडाची रांग, या भागांतील आमच्या बऱ्याच वाचकांचीं घरें उतारावर किंवा उताराच्या पायथ्याशीं आहेत. जुनीं कुडाचीं घरें आतां मोडकळीस आलीं आहेत, मुलें कल्याण-डोंबिवलीस नोकरीला आहेत, हातीं थोडा पैसा आहे, आणि नवें घर कसें बांधावें हा प्रश्न घरोघरीं निघत आहे. अशा वाचकांकडून आम्हांस वारंवार विचारणा होते. सर्वांस निरनिराळें उत्तर देण्यापेक्षां एका सभासदाच्या घराची हकीकत सांगितल्यास तिचा उपयोग अधिकांस होईल, असें वाटल्यावरून हा लेख लिहिला आहे.

हे सभासद मुरबाड तालुक्यांतील, सिद्धगडाच्या बाजूच्या एका पाड्यावरचे. भाताचीं खाचरें पांच एकर आणि मागें डोंगराला लागून वरकस जमीन. थोरला मुलगा बापाबरोबर शेती पाहतो; धाकटा डोंबिवलीस नोकरीला असून तेथें दोन खोल्यांत राहतो. गेल्या वर्षीं वैशाखांत त्यांनीं आम्हांस बोलावलें, तेव्हां घरांत वाद पेटलेला होता. धाकट्याचें म्हणणें असें कीं, वरच्या वरकसांत, जेथून सगळें खोरें दिसतें, तेथें डोंगर कापून सपाटी करावी व स्लॅबचा बंगला बांधावा. तो झाला तर आपण कुटुंब घेऊन परत येऊं. बापाचें म्हणणें असें कीं, घर बांधावयाचें तर आजोबांच्या जोत्यावरच. देव तेथेंच आहेत. माती कापण्याचें यंत्र आठ दिवसांनीं यावयाचें ठरलें होतें व त्याचा विसार दिला गेला होता. आम्हीं फक्त बंगला बरा कीं कौलारू घर बरें, एवढें सांगावें, अशी अपेक्षा होती.

आम्हीं दोन्ही जागा पाहिल्या आणि दोन्ही नापसंत केल्या.

जागेची निवड.— घराचें आयुष्य जोत्यापासून नव्हे, जागेपासून सुरू होतें. ३० जुलै २०१४ रोजीं पुणें जिल्ह्याच्या आंबेगांव तालुक्यांतील माळीण हें गांव डोंगराखालीं गाडलें गेलें. सुमारें दीडशें माणसें गेलीं. २२ जुलै २०२१ रोजीं महाड तालुक्यांतील तळिये येथें तेंच झालें. तेथें ऐंशींहून अधिक माणसें दगावलीं. १९ जुलै २०२३ च्या रात्रीं खालापूर तालुक्यांतील इर्शाळगडाच्या पायथ्याची इर्शाळवाडी दरडीखालीं गेली; सत्तावीस मृतदेह हातीं लागले व सत्तावन्न माणसें सांपडलींच नाहींत. धोक्याच्या गांवांच्या यादींत इर्शाळवाडीचें नांव नव्हतें. या तिन्ही ठिकाणीं लोक पिढ्यान् पिढ्या राहत होते. "एवढीं वर्षें कांहीं झालें नाहीं" हा पुरावा डोंगराच्या बाबतींत पुरावा नव्हे, हें यावरून ध्यानांत यावें.

असें कां होतें? सह्याद्रीचा काळा खडक थरांथरांनीं बनलेला आहे. वर लाल माती व मुरूम, खालीं घट्ट कातळ, आणि दोन कातळांमध्यें कोठें कोठें गेरूसारखा मऊ तांबडा थर, अशी त्याची ठेवण असते. पावसाळ्यांत पाणी मुरमांतून खालीं झिरपतें, पण कातळावर किंवा त्या तांबड्या थरावर येऊन तें अडतें. वरची माती पाण्यानें जड होते आणि तळाची पकड ढिली होते. दोनतीन दिवस सारखी झड लागून वर एकदम मोठा पाऊस कोसळला कीं सगळा थर घसरूं शकतो. त्यांत उताराचा पाय जर कोणी कापलेला असेल, तर मग विचारावयास नको. धान्याच्या पोत्यांची थप्पी लावून तिच्यांतील तळचें पोतें ओढून काढल्यासारखेंच तें होय.

आमच्या सभासदांनीं हेंच केलें होतें. चार वर्षांपूर्वीं मळणीयंत्र उभें करण्यास अंगण पुरेना म्हणून त्यांनीं घरामागची कड आठ फूट उभी कापली. तेव्हांपासून श्रावणांत स्वयंपाकघराची जमीन ओली राहूं लागली. कडेवरचा ऐन घराकडे झुकला होता व त्याचें खोड बुंध्याशीं वांकून पुन्हां वर गेलें होतें. आणि वर चढून पाहतों तों, उतारावर आडवी, दोन बोटें रुंद व तीस-पस्तीस पावलें लांब अशी एक भेग. त्यांस ती ठाऊक होती. उन्हानें जमीन तडकली असें ते समजत होते. भाताच्या खाचरांतील काळी जमीन उन्हानें तडकते व तिच्या भेगा चहूंकडे जाळ्यासारख्या पसरतात; मुरमाड उतारावर एकच आडवी भेग पडली तर ती उन्हाची नसते, ती डोंगर सुटत असल्याची असते.

वरच्या जागेचा दोष निराळा होता. तेथें आज कांहीं हालचाल नव्हती, पण बंगल्यासाठीं पंधरा फूट उंच कड कापावी लागली असती, आणि शेजारून जाणाऱ्या ओहोळाचें जुनें पात्र त्याच सपाटींतून गेलेलें दिसत होतें. ओहोळानें सोडलेली वाट तो विसरत नाहीं.

वाचकांनीं आपल्या जागेची परीक्षा पुढील खुणांवरून करावी. उतारावर आडव्या भेगा आहेत काय? झाडें किंवा विजेचे खांब एकाच बाजूस कललेले आहेत काय? उन्हाळ्यांत नसलेला झरा पावसाळ्यांत नव्या जागीं फुटतो काय, अगर नेहमींचा झरा एकाएकीं गढूळ होतो काय? दारें-खिडक्या लागेनाशा झाल्या आहेत काय? उतारावर मोठे धोंडे इतस्ततः पडलेले आहेत काय? ते वरूनच आले असले पाहिजेत. यांपैकीं एक जरी खूण आढळली तरी ती जागा घराची नव्हे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागानें दरडींच्या दृष्टीनें डोंगराळ भागांचे नकाशे तयार केलेले आहेत; ते जरूर पाहावेत. परंतु नकाशांत नांव नाहीं म्हणून निश्चिंत राहूं नये.

तिसरी जागा.— आमचें मत ऐकून घरांत शांतता झाली, आणि ती सुखाची नव्हती. बापानें पान लावण्याचें निमित्त करून मान खालीं घातली. धाकटा म्हणाला, "मग आम्हीं काय डोंबिवलीसच मरावें?" त्या रात्रीं आम्ही तेथेंच राहिलों. सकाळीं आम्हांस घेऊन सर्वजण पुन्हां रान फिरले. पाड्यापासून दोनशें पावलांवर डोंगराची एक बुटकी सोंड खाचरांकडे उतरते. तिच्यावर त्यांचें खळें होतें. दोन्ही बाजूंस पाणी उतरून जातें, मागें कापावयास कडच नाहीं, आणि अडीच फूट खणतांच कातळ लागला. ओहोळ तेथून दूर व बराच खालीं आहे. अडचणी होत्याच: खळें दुसरीकडे न्यावें लागणार, विहीर लांब पडणार, आणि देव हलवावे लागणार.

शेवटचा शब्द घरच्या बाईंचा ठरला. त्या आम्हांस म्हणाल्या, "भाऊ, घोरपडीसारखें भिंतीला धरून बसण्यांत काय आहे? नातवंडें जेथें निजतील तेथें देव येईल." यंत्राचा विसार बुडाला तो बुडाला, पण डोंगर कापण्याचें रद्द झालें. वास्तविक हाच या घराचा पाया होय.

उतारावरील पाणी.— जागा चांगली असली तरी पाण्याची वाट आधीं ठरवावी, मग जोतें आंखावें. घराच्या वरच्या अंगास पंधरा-वीस फुटांवर अर्धचंद्राकार चर काढून त्याचा तळ दगडांनीं बांधून घेतला व दोन्ही टोंकें बाजूच्या नैसर्गिक ओघळींत सोडलीं. येथें एका गैरसमजाविषयीं लिहिणें अवश्य आहे. पाणी अडवावें व जिरवावें हा उपदेश या मासिकानें शेताच्या बाबतींत अनेकदां केला आहे व तो योग्यच आहे. परंतु घराच्या डोक्यावरील उतारांत समतल चर खणून पाणी जिरवणें म्हणजे ज्या थरानें घसरूं नये त्यासच पाणी पाजणें होय. शेतावर पाणी जिरवावें. घराच्या वर मात्र तें वाहतें ठेवावें. शोषखड्डा, न्हाणीचें पाणी, परसबाग हीं सर्व घराच्या खालच्या अंगास असावींत. जेथें कड बांधून घेणें अगदींच टळत नसेल, तेथें संरक्षक भिंतीच्या मागें दगडगोट्यांचा भराव घालून भिंतींतून पाणी निघण्यास भोकें ठेवावीं. कोंडलेलें पाणी जाड भिंतीसहि लोटून देतें.

जोतें व भिंती.— घराचें जोतें चाळीस फूट लांब व सव्वीस फूट रुंद असें धरलें. लांबी पूर्व-पश्चिम ठेवली. त्यामुळें लांब भिंती उत्तर-दक्षिणेकडे आल्या आणि उतरत्या उन्हाचा मारा फक्त आंखूड बाजूवर राहिला. आपल्याकडे सूर्य उन्हाळ्यांत जवळजवळ डोक्यावर येतो. तेव्हां दक्षिण व उत्तर भिंतीस वळचणीची सावली पुरते. पश्चिमेकडून मात्र दुपारनंतर ऊन आणि पावसाळ्यांत वाऱ्याबरोबरची झड, हीं दोन्ही येतात. म्हणून त्या बाजूस राहती खोली न ठेवतां पडवी ठेवली व तींत अवजारें, सरपण व इरलीं-घोंगड्यांच्या खुंट्या केल्या.

जोतें काळ्या दगडाचें, तीन फूट उंच. भिंतींचा प्रश्न निघाला तेव्हां वाद पुन्हां झाला. धाकट्यास कुडाची भिंत म्हणजे दारिद्र्य वाटे; बापास विटेचें घर म्हणजे भट्टी वाटे. दोघांचेंहि कांहीं अंशीं खरें होतें. शेवटीं बाहेरील भिंती भाजक्या विटांच्या केल्या, परंतु त्या पोकळ बांधणीच्या. वीट आडवी न ठेवतां कडेवर उभी ठेवून मध्यें पोकळी सोडावयाची, ही रीत लॉरी बेकर (१९१७–२००७) या वास्तुशिल्पज्ञांनीं केरळांत पुष्कळ प्रचारांत आणली. हे गृहस्थ जन्मानें इंग्रज. केरळांत स्थिरावण्यापूर्वीं हिमालयांत पिठोरागडकडे त्यांनीं कित्येक वर्षें काढलीं व डोंगरी लोक हाताशीं मिळणाऱ्या दगड-माती-लांकडांतून किती शहाणपणानें घर बांधतात, हें तेथेंच शिकले. या बांधणीनें विटा सुमारें चौथाईनें कमी लागतात आणि मधल्या हवेमुळें उष्णता आंत येण्यास वेळ लागतो. आमच्या गवंड्यास ही रीत ठाऊक नव्हती. दोन दिवस त्यानें कुरकुर केली, तिसऱ्या दिवसापासून तो स्वतःच ती इतरांस सांगूं लागला.

भूकंपाचा विचार आपल्याकडे कोणी करीत नाहीं. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा धक्का जुन्या वाचकांस स्मरत असेल. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं किल्लारीस हजारों माणसें मेलीं, तीं मुख्यतः मातींत रचलेल्या जाड दगडी भिंती व त्यांवरील मातीच्या जड माळवदांखालीं. डहाणू-तलासरीकडे नोव्हेंबर २०१८ पासून लहान-मोठ्या धक्क्यांची मालिका लागली होती, ती तर आपल्या शेजारींच. म्हणून भिंतीस तीन ठिकाणीं, म्हणजे जोत्यावर, दारा-खिडक्यांच्या डोक्यावर आणि छपराखालीं, सळया घातलेला काँक्रीटचा पट्टा घराभोंवतीं सलग फिरवला. पेटाऱ्यास जशा लोखंडी पट्ट्या, तसे हे पट्टे चारी भिंती एकत्र धरून ठेवतात. दगडी जोत्यांत दर चार-पांच फुटांवर भिंतीच्या आरपार जाणारा एक लांब दगड घातला.

आंतील आडभिंती मात्र कुडाच्याच केल्या. कारवीच्या काठ्या विणून त्यांवर माती, शेण व भाताचा तूस यांचा गिलावा, ही आपल्या वारली, ठाकर, काथोडी वस्त्यांची जुनी रीत. अशाच भिंतींवर तांदळाच्या पिठानें वारल्यांचीं चित्रें निघत आलीं. ही भिंत हलकी असते, धक्क्यांत अंगावर कोसळत नाहीं आणि हातानें दुरुस्त होते. कारवी साधारण आठ वर्षांनीं एकदम फुलते व बीं धरून मरते. ठाण्याजवळील संजय गांधी राष्ट्रीय उद्यानांत ती २०१६ व २०२४ सालीं फुलली. फुलोरा होऊन गेल्यावर वाळलेल्या काठ्या मुबलक असतात. रानांतून त्या आणण्यापूर्वीं वनखात्याचा नियम विचारून घ्यावा. शेजारच्या पाड्यावरील ज्या काथोडी बायांनीं हा कुड विणला, त्यांस गवंड्याच्या बरोबरीची मजुरी द्यावी असें आम्हीं सुचविलें व तें मान्य झालें. त्यांच्या हातचें काम घरांतील सर्वांत सुबक निघालें.

छप्पर.— आपल्या भागांत पावसाळ्यांत शंभर इंच पाऊस सहज पडतो. असल्या पावसांत सपाट स्लॅब कांहीं वर्षांतच झिरपूं लागतो. मग त्यावर लोखंडी सांगाडा उभारून पत्रे घालतात. म्हणजे छपराचे पैसे दोनदां भरावयाचे. शिवाय दिवसभर तापलेला स्लॅब रात्रभर ऊब सोडीत बसतो. धाकट्यास हें डोंबिवलीच्या वरच्या मजल्यावर राहून आपोआप कळलेलें होतें; म्हणून कौलांस त्यानें फारसा विरोध केला नाहीं.

मंगळूर येथें बासेल मिशननें १८६५ सालीं कौलांचा कारखाना काढला. तेव्हांपासून तीं कौलें सगळ्या कोंकणपट्टींत पसरलीं. नळीच्या कौलांपेक्षां तीं वाऱ्यांत कमी सरकतात व वानरांनीं उड्या मारल्या तरी कमी फुटतात. छपराचा उतार दर दोन फूट आडव्या अंतरास सव्वा फूट उंची असा ठेवला. याहून कमी उतार दिल्यास झडीचें पाणी कौलांच्या सांध्यांतून उलट आंत शिरतें. वळचण चारी बाजूंनीं तीन फूट पुढें काढली; तिच्यामुळें भिंतीचा गिलावा व जोतें कोरडें राहतें. कौलांखालीं बांबूच्या तट्ट्याचें अस्तर देऊन मध्यें हवा खेळती ठेवली आहे.

लांकडांपैकीं साग घरच्या बांधावरचा. स्वतःच्या मालकीचा साग असला तरी तोडण्यास १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियमाप्रमाणें परवानगी लागते. ती आधीं घ्यावी. बांबूविषयीं मात्र २०१७ सालीं भारतीय वन अधिनियमांत दुरुस्ती होऊन वनाबाहेर वाढविलेला बांबू "झाड" या व्याख्येंतून वगळला गेला आहे. बांबू पावसाळा सरल्यावर, थंडींत तोडावा. तेव्हां त्यांत पिठूळ अंश कमी असल्यानें भुंगा कमी लागतो. नंतर दोन-तीन आठवडे वाहत्या पाण्यांत बुडवून सुकवावा व शक्य तर टांकणखार आणि बोरिक ॲसिड यांच्या द्रावणांत भिजवावा. मात्र हें औषध पावसानें धुऊन जातें, म्हणून असा बांबू छपराखालींच वापरावा.

पाण्याचें टांकें.— भातसा व तानसा या धरणांनीं मुंबईची तहान भागविणाऱ्या शहापूर तालुक्यांत कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहावी लागते. मुरबाडच्या डोंगरांतहि चैत्र-वैशाखांत विहिरी तळ गांठतात. आणि ज्या नाणेघाटानें जुन्या काळीं कल्याण बंदराचा माल जुन्नरास चढत असे, त्या घाटाच्या माथ्यावर कातळांत खोदलेलीं पाण्याचीं टांकीं अजून आहेत! वाटसरूंसाठीं पूर्वजांनीं जें केलें, तें आपण आपल्या मुलांसाठीं कां करूं नये?

हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी मिळतें. या घराच्या छपराचें एक पाखें जमिनीवरच्या मापानें सुमारें ६८ चौरस मीटर भरतें. अडीच हजार मिलिमीटर पाऊस धरला व पांचवा हिस्सा वायां गेला असें मानलें, तरी एकट्या त्या पाख्यावरून १,३६,००० लिटर पाणी उतरतें. पिण्यास व स्वयंपाकास माणशीं रोज दहा लिटर धरल्यास सात माणसांस आठ महिन्यांत, म्हणजे २४० दिवसांत, १६,८०० लिटर पाणी पुरे. म्हणून दहा फूट लांब, दहा फूट रुंद व साडेसहा फूट खोल असें टांकें बांधलें. त्यांत सुमारें १८,००० लिटर पाणी मावतें. भरलेल्या टांक्याचें वजन अठरा टनांवर जातें, म्हणून तें भरावावर न बांधतां घराच्या बाजूस कातळावर बसविलें आहे. मृगाचे पहिले पाऊस छप्पर धुण्यापुरते बाहेर सोडावे. नंतरचें पाणी खडी, वाळू व कोळसा यांतून गाळून आंत घ्यावें. झांकण घट्ट असावें व हवेच्या नळीस बारीक जाळी असावी, नाहीं तर डांसांचीच पैदास व्हावयाची. पिण्यापूर्वीं पाणी उकळावें. गुरांचें व न्हाण्या-धुण्याचें पाणी पूर्वींप्रमाणें विहिरीचेंच राहील.

स्वयंपाकघर, गोठा व संडास.— स्वयंपाकघर पूर्वेस घेतलें आहे. सकाळचें ऊन येतें आणि पश्चिमेच्या वाऱ्यानें धूर घरांत न शिरतां बाहेर जातो. कोनाच्या शेंड्याशीं धुराड्यासाठीं उंच कौल ठेवलें. गोठा पूर्वीं घराच्या भिंतीस भिंत लावून होता. तो आतां खालच्या अंगास चाळीस फुटांवर नेला. त्यांत पांच जनावरें आहेत. दोन घनमीटरच्या गोबरगॅस संयंत्रास रोज सुमारें पन्नास किलो शेण लागतें, तें त्यांच्याकडून मिळतें व घरचा बहुतेक स्वयंपाक त्यावर होतो. बाहेर पडणारी रबडी ओघळानें सरळ भाजीच्या वाफ्यांकडे जाते. राबासाठीं जाळला जाणारा शेणगोवर तेवढा वांचला.

संडास दोन खड्ड्यांचा. एक भरला कीं दुसरा चालू करावयाचा. पहिल्यांतील मैला बंद राहून वर्ष-दीड वर्षांत निरुपद्रवी खत होतो. कणकवलीच्या गोपुरींत अप्पासाहेब पटवर्धनांनीं (१८९४–१९७१) मैल्यापासून खत करण्याचें काम आयुष्यभर केलें. खड्डे विहिरीपासून निदान पन्नास फूट दूर व तिच्या खालच्या अंगास असावे. संडास घराच्या पडवीस लागून झांकलेल्या वाटेनें जोडला आहे. भर पावसांत रात्रीं म्हाताऱ्यांस व मुलांस अंगण ओलांडावें लागूं नये, ही घरच्या बाईंची अट होती.

काय चुकलें.— या घराचे दोष सांगितल्यावांचून लेख पुरा होणार नाहीं. पन्हळ चार इंचांची घातली, ती अपुरी पडली. पहिल्याच मोठ्या पावसांत पाणी तिच्यावरून उसळून टांक्याऐवजीं अंगणांत गेलें. आतां सहा इंचांची बसविली आहे. धाकट्याच्या आग्रहानें पश्चिमेस एक मोठी खिडकी ठेवली. आषाढभर तिच्यावर ताडपत्री बांधून ठेवावी लागली. कौलें दर वर्षीं मृगापूर्वीं उतरून चाळावीं लागणार, हा खर्च स्लॅबास नसतो. तो मनांत धरूनच असें घर बांधावें. एकूण खर्च बंगल्याच्या अंदाजाहून थोडा कमी आला, पण त्यांतील मोठा भाग मजुरीचा होता. तो पैसा सिमेंट-लोखंडाच्या दुकानांत न जातां बहुतेक पंचक्रोशींतच राहिला.

यंदाच्या आषाढांत तीन दिवसांच्या झडीनंतर जुन्या घरामागची कड दहा-बारा हात खचली. माती स्वयंपाकघराच्या मागील भिंतीस कमरेपर्यंत येऊन टेकली. घर पडलें नाहीं व कोणास इजा झाली नाहीं. त्या भिंतीपलीकडे चूल होती व चुलीशेजारीं मुलांचीं अंथरुणें पडत, एवढेंच नमूद करतों. जुन्या घरांत सध्यां पेंढा व लांकडें ठेवतात. आम्हांस तेंहि पसंत नाहीं व तसें आम्हीं कळविलें आहे. धाकटा मुलगा अद्याप डोंबिवलीसच आहे. परंतु त्याचीं बायको-मुलें दिवाळीपासून नव्या घरीं राहावयास आलीं आहेत आणि तो शनिवारीं रात्रीं घरीं येतो.

ज्या वाचकांस यंदा घर बांधावयाचें आहे, त्यांनीं पाया खणण्यापूर्वीं ग्रामपंचायत व महसूल कचेरींत आवश्यक त्या परवानग्यांची चौकशी करावी. ज्यांस बांधावयाचें नाहीं, त्यांनींहि पाऊस उघडतांच एक सकाळ काढून आपल्या घरामागील उतार माथ्यापर्यंत चढून पाहावा. घरांतील तरुण मुलांस बरोबर न्यावें व वर सांगितलेल्या खुणा त्यांस दाखवाव्या. भेग आढळल्यास ती मातीनें बुजवून पाणी आंत जाणार नाहीं असें तात्पुरतें करावें, तहसील कचेरीस लेखी कळवावें, आणि मोठ्या पावसाच्या रात्रीं त्या घरांत निजूं नये. शेजाऱ्याचें घरहि त्याच उतारावर असेल, तर त्यासहि हांक मारावी.